मार्था आंटीच्या पुस्तकांना खाकी कव्हरं

आमच्या घरात बाबा वर्षातून एकदाच जमिनीवर मांडी घालून बसायचे, माझ्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालायला. एरवी ते ऑफिसात असायचे, नाहीतर सोफ्यावर. दुबईतल्या आपल्या लोकांच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. त्यामुळे मार्च संपता संपता करामाच्या बाजारातून खाकी कागदाची जाडजूड गुंडाळी यायची आणि एखाद्या शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं आटोपून आई आडवी झाली की आमच्या ऊद मेथा भागातल्या फ्लॅटमधला अख्खा हॉल बाबांच्या ताब्यात जायचा. स्टीलची पट्टी, शिसपेन्सिल, चिकटपट्टी आणि आईची कापडाची कात्री. "माझ्या कात्रीने कागद कापू नका हो, धार जाते," असं आई दरवर्षी आतून ओरडायची आणि "नाही कापत," म्हणत बाबा दरवर्षी त्याच कात्रीने कापायचे. बाबा ड्राफ्ट्समन होते. उमेदीची वर्षं त्यांनी हाताने इमारतींचे नकाशे काढण्यात घालवली होती. पुढे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि हाताच्या त्या सफाईला वर्षातून एवढा एकच दिवस उरला. कोपरे असे दुमडायचे की आत बोट घातलं तरी कागद हलू नये. मग लेबल, आणि त्यावर नकाशावर असतात तशी उभी, सारख्या उंचीची इंग्रजी अक्षरं : नाव, इयत्ता, विषय. बोलणं काहीच नाही. मी पुस्तक पुढे करायचे, ते घ्यायचे. बाबांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, पण वर्षभर दप्तरातून पुस्तक काढताना त्या कोपऱ्यावर माझा अंगठा जायचा आणि बरं वाटायचं. माझ्या मुलाची सगळी पुस्तकं आता एका काचेच्या पाटीत मावतात. त्याला कव्हर घालायचं तर दुकानातून तयार आणावं लागतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये मार्था आंटी राहायची. साठीला आलेली, एकटी, उंच, मोठ्या पायांची अमेरिकन बाई. बाबांच्याच कंपनीत ती कागदपत्रांची व्यवस्था बघायची. ऑफिसात बाबा तिला मॅडम म्हणायचे आणि घरी मी तिला आंटी म्हणायला लागल्यावरही त्यांचं मॅडम काही सुटलं नाही. ती अर्थातच इंग्रजीत बोलायची, आणि मी तर तेव्हा आईबाबांनाही इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. तरी आज तिची आठवण काढली की ती मराठीतच बोलते, हे कसं झालं ते मला सांगता येणार नाही. आई आणि ती, दोघींनी दारं उघडी ठेवायची पद्धत पाडली होती. आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्याकडे ऐकू जायच्या आणि तिच्याकडची बेसबॉलची कॉमेंट्री आमच्याकडे. आई थालीपीठ लावायची आणि ताटलीत घालून माझ्या हाती द्यायची. मार्था आंटी त्यावर मध ओतून खायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आईने घरी येऊन कपाळावर हात मारला होता. "मध! अगं, त्यात कांदा आहे!"

त्या घरात बेसबॉलशिवाय दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. भिंतीवर तिकोनी कापडी झेंडे, रंग उडालेले. एका गोल, पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात जुन्या खेळाडूंची कार्डं. तेलाचा वास येणारा चामड्याचा हातमोजा, बोटापाशी उसवलेला. जुनी तिकिटं, लोकरीची टोपी, मान हलवणारा एक बाहुला. आणि पुस्तकं. खेळाडूंची चरित्रं, मोसमांचे इतिहास, नुसत्या आकड्यांनी भरलेले ठोकळे. बहुतेक तिच्या वडिलांनी घेतलेली. या पुस्तकांना वरून एक रंगीत, सुटं वेष्टन असतं, जॅकेट म्हणतात त्याला, आणि तिच्या पुस्तकांची जॅकेटं जुनी, कडांना फाटलेली, कुठे पिवळ्या पडलेल्या टेपने जोडलेली होती. त्यातल्या एका हिरव्या जॅकेटवर, चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या पोटावर बरोबर, कपाचा तपकिरी गोल डाग होता. तिचे वडील रेडिओवर मॅच ऐकताना कॉफीचा कप नेहमी त्याच पुस्तकावर ठेवायचे. "हे माझे डॅड," मार्था आंटी डागावर बोट ठेवून म्हणाली होती. "फोटोत ते कुणीतरी वेगळेच दिसतात. इथे बरोबर आलेत."

तिचा मोसमही एप्रिलमध्येच सुरू व्हायचा. पहिल्या मॅचचं रेकॉर्डिंग ती शुक्रवारी लावायची आणि मला बोलवायची. आई शेंगा भाजून द्यायची. वर्षातला तेवढा एक दिवस शेंगांची टरफलं सरळ गालिच्यावर टाकायची, कारण तिच्या गावच्या स्टेडियममध्ये तशीच टाकतात. मी पहिलं टरफल टाकलं तेव्हा आधी दाराकडे बघून घेतलं होतं, आमच्या घरी असं केलं असतं तर आईने मला लिफ्टने खाली पाठवलं असतं. एकदा बाबाही दारात येऊन उभे राहिले. पुण्यात क्लबकडून क्रिकेट खेळलेला माणूस, त्यांना राहवेना. "मॅडम, टप्पा न पडता बॉल येतो. आम्ही त्याला फुलटॉस म्हणतो. आणि त्यावर दहातून सात वेळा आउट होणाऱ्याला तुम्ही ग्रेट म्हणता?" मार्था आंटी खूश झाली. "तेच तर, मिस्टर दाते. दहातून सात वेळा हरतो आणि तरी त्याचा पुतळा उभारतात. दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे असं?" बाबा म्हणाले, "आमच्या नाही," आणि हसत हसत घरी आले.

मग मंदीचं ते वर्ष आलं. मोठ्यांच्या बोलण्यात अमेरिका, बँका, लोन असे शब्द यायचे, पण मला ते शाळेच्या बसमध्ये कळलं. आधी मागची सीट रिकामी झाली, मग मधली. कुणी सांगून जात नव्हतं. माझ्या बाकावर बसणारी अश्विनी आठवडा संपताना, गुरुवारी, "संडेला भेटू" म्हणाली आणि रविवारी आलीच नाही. तिची पाण्याची बाटली वर्गातल्या खिडकीत राहिली होती. ती मी कितीतरी दिवस रोज बघायचे, आतलं पाणी तसंच. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या क्रेन हलायच्या बंद झाल्या. घरात आई हळू आवाजात फोनवर बोलायची आणि मी आले की विषय बदलायची. मला बहीणभाऊ नाहीत. तोवर ते कधी खुपलं नव्हतं, त्या हिवाळ्यात फार खुपलं.

मार्था आंटीची नोकरी बाबांच्या आधी गेली. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा, असा नियम. अमेरिकेत तिचं घर असं काही नव्हतं, एका बहिणीकडे काही दिवस राहणार होती. दोन सुटकेसमध्ये कपडे मावले, बेसबॉल कुठे मावणार? तिने सगळं खोक्यांमध्ये भरलं आणि बाबांनी ती खोकी आमच्याकडे आणून माझ्या पलंगाच्या बाजूला रचली. "जागा मिळाली की मागवून घेते," ती म्हणाली. आणि मला, "तू वाच. फक्त सगळं एकत्र ठेव." आईने तिला ओटी भरल्यासारखा नारळ दिला, विमानात नेऊ देतील की नाही याचा विचार न करता. जाताना तिने हिरवं पुस्तक खोक्यातून एकदा बाहेर काढलं, डागावर तळवा ठेवला आणि परत आत ठेवलं. "बॅगेत चुरगळेल," एवढंच म्हणाली. त्यानंतर समोरचं दार बंद असायचं. आई सवयीने आमचं उघडायची, समोरचं बंद दार दिसलं की पुन्हा लावून घ्यायची.

पुढच्या महिन्यात बाबा. त्यांना काढलं नाही, ते बरं की वाईट हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. "व्हिसा राहू द्या, पगार नाही, घरी बसा. प्रोजेक्ट सुरू झाला की बोलावतो, इन्शाल्ला." आई एका शाळेत हिंदी शिकवायची, त्यावर घर चालायला लागलं. बाबा रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि सोफ्यावर बसायचे. फोन टीपॉयवर, समोर. दुपारी मी शाळेतून आले की बेल वाजवायच्या आधीच दार उघडायचे, म्हणजे लिफ्टचा आवाज ऐकत बसलेले असणार. "जेवतेस?" "यस, बाबा." त्यानंतर फक्त एसीची घरघर आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवायचं, बहुतेक तेही निघाले असणार. मी माझ्या खोलीत जाऊन मार्था आंटीची पुस्तकं काढायचे. समजायची थोडीच. पण कधीच न पाहिलेल्या गावातल्या, केव्हाच मेलेल्या माणसांनी मारलेले फटके वाचताना मला त्या घरात कमी एकटं वाटायचं.

एप्रिल आला. माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायचं काम बाबांनी एका सकाळीच उरकलं, शुक्रवारची वाट कशाला बघायची? दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दार उघडायला कुणी आलं नाही. बेल वाजवली. आतून आवाज आला, "उघडंच आहे, ये, ये!" हॉलच्या फरशीवर खाकी कागदांच्या कपट्यांमध्ये बाबा बसले होते आणि त्यांच्या चारी बाजूंना मार्था आंटीची पुस्तकं होती. सगळी खाकी. सगळ्यांना लेबलं. "बघ," बाबा म्हणाले, "मॅडमची पुस्तकं कशी लक्तरं झाली होती. वरचे कागद हात लावला तर तुटत होते. सगळे काढून फेकले. आता पन्नास वर्षं हलणार नाहीत." त्यांनी एक पुस्तक माझ्या हातात दिलं. नाव : मिस मार्था. विषय : बेसबॉल. इयत्तेच्या जागी काय लिहायचं याचा म्हणे त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी लिहिलं, सीनियर.

माझ्या तोंडापर्यंत ओरडणं आलं होतं. पण बाबांचे केस विस्कटलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना डिंक, आणि चेहरा ऑफिसातून काम संपवून आलेल्या माणसाचा. कित्येक महिन्यांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "नाइस, बाबा." आणि दप्तर तिथेच टाकून, काहीतरी विसरल्याचं सांगून बाहेर आले. आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारी कचरा खाली टाकायची झडप होती. ती उघडून मी आत डोकावले. काळोख आणि वास. खाली गेले, तर वॉचमन म्हणाला, "वो तो गाडी ले गयी, बेटा. सुबह का सब खलास." मी जिन्यात बसून रडले. हिरव्या जॅकेटसाठी रडले, की बाबांसाठी, की मार्था आंटीला हे कळेल तेव्हा ती माझ्याबद्दल काय म्हणेल म्हणून, हे तेव्हा कळत नव्हतं. आज विचारलं तर मी म्हणेन, सांगायला कुणीच नव्हतं म्हणून.

आईला मात्र सांगावं लागलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकून लाटणं थांबलं, एवढंच. मग म्हणाली, "त्यांना कळता कामा नये. झाकली मूठ आहे ना, झाकलेलीच राहू दे. उगाच त्या माणसाला आणखी एक कारण नको स्वतःला खायला."

"अँड मार्था आंटी?"

"तिचं ती येईल तेव्हा बघू."

ती येईल ही शक्यता तोवर लांबची होती. उन्हाळा गेला आणि तिची मेल आली, आईच्या नावाने. दोह्यात एका शाळेत तिला काम मिळालं होतं. वाटेत दुबईला एक दिवस उतरणार, खोकी कार्गोने पुढे पाठवणार. बाबांना आनंद झाला. "मॅडम बघतील तर ओळखणारच नाहीत!" ते असं म्हणाले की मी उठून माझ्या खोलीत जायचे. एका संध्याकाळी ते खाली फिरायला गेले असताना मी कॉम्प्युटरवर बसले आणि मार्था आंटीला लिहिलं. सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की हिरवं जॅकेटही गेलं, मला माफ कर, पण माझ्या बाबांना काही बोलू नकोस, त्यांना माहीत नाही. रोज शाळेतून आल्यावर मी मेल उघडून बघायचे. उत्तर आलं नाही. तिने वाचलं की नाही, रागावली की काय, काहीच कळायला मार्ग नव्हता, आणि ती यायचा दिवस उजाडला.

ती बारीक झाली होती, केस अगदी कापलेले. आईने न विचारता थालीपीठ आणि मधाची बाटली पुढे ठेवली. त्या दोघी एकमेकींना धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. बाबांनी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घातला होता. चहा येईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही. पहिलं खोकं त्यांनी स्वतः उघडलं आणि वरचंच पुस्तक दोन्ही हातांनी तिला दिलं. ते हिरवंच होतं. म्हणजे आता खाकी. विषय बेसबॉल, इयत्ता सीनियर.

मार्था आंटीने लेबल वाचलं. पुस्तक उलटं केलं. मग कव्हराच्या दुमडीत दोन बोटं सारली आणि आत चाचपू लागली, खाली जॅकेट आहे का ते बघत. बोटं आत तशीच राहिली. तिला माझी मेल मिळालीच नाही, असं मला वाटलं. स्वयंपाकघराच्या दारात आई हातात ट्रे घेऊन थांबली होती.

"मिस्टर दाते," मार्था आंटी म्हणाली. "किती वेळ लागला तुम्हाला?"

"वेळ?" बाबा हसले. "वेळच वेळ होता, मॅडम."

तिने बोटं बाहेर काढली. दुमडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मी फिरवायचे तसाच. "ऑफिसमधून काही?"

"नाही अजून. इन्शाल्ला."

"दहातून सात," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "ते तुमच्याकडे, मॅडम. आमच्यात एकदा आउट झालं की पॅव्हेलियनमध्ये बसायचं." ते गमतीत म्हणाले होते.

आईने चहा दिला. मार्था आंटीने पुस्तक मांडीवरून टीपॉयवर ठेवलं, चहाचा घोट घेतला. कपाच्या बुडाला बशीत सांडलेला चहा लागला होता. तिने तो कप उचलून, पुस्तकाच्या अगदी मधोमध, खाकी कागदावर ठेवला.

"मॅडम, मॅडम! डाग!" बाबा अर्धे उठलेच.

"असू दे," ती म्हणाली. कप तिने जरासा फिरवला, गोल पुरा उमटावा म्हणून. मग उचलला. "या पुस्तकावर कप ठेवायची आमच्या घरी पद्धत आहे. माझे डॅड ठेवायचे." आणि बाबांवरून नजर काढून तिने माझ्याकडे पाहिलं. मेल तिने वाचली होती.

"दोन मिनिटांत नवं घालून देतो," बाबा कात्री शोधायला लागले. तिने पुस्तक छातीशी धरलं आणि नको नको म्हणाली, आणि बाबा म्हणाले, "तुमचे वडील पण बेशिस्तच होते म्हणायचे!" आणि ती हसली, डोळे पुसत हसली. बाबांना वाटलं, विनोद फार चांगला झाला.

संध्याकाळी कार्गोवाले आले. "यल्ला, यल्ला," अशी घाई करत त्यांनी सगळी खोकी लिफ्टमध्ये घातली. हिरवं पुस्तक मार्था आंटीने हातातच ठेवलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती हात हलवत होती. पुढे काही वर्षं नाताळाला तिची पत्रं यायची, मग यायची थांबली. बाबांना कंपनीचं बोलावणं कधी आलंच नाही आणि पुढच्या हिवाळ्यानंतर आम्ही पुण्याला परतलो. पण तो दिवस अजून संपला नव्हता.

माझ्या पलंगाच्या बाजूला खोक्यांच्या जागी फरशीचा स्वच्छ चौकोन उरला होता. मी तिकडे न बघता बसून होते. बाहेर आई भांडी घासत होती. जरा वेळाने बाबा दारात आले. हातात उरलेल्या खाकी कागदाची गुंडाळी. तो चौकोन त्यांनीही पाहिला.

"अजून काही आहे का गं कव्हर घालायला?"

मी दप्तर बघितलं, कपाट बघितलं. सगळं घातलेलं होतं. त्यांनीच घातलेलं. "बघते," म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली, भूगोलाचं पुस्तक काढलं आणि कव्हराच्या कोपऱ्यात नख घालून, आवाज होऊ नये म्हणून खोकत, ते आडवं फाडलं.

"बाबा, याचं फाटलंय."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिथेच, त्या रिकाम्या चौकोनात, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आण, आईची कात्री आण."